अलार्म वाजल्यावर उठतं कोण?

रात्री तीनला फोन वाजला. स्क्रीनवर लेकीची शुगर 52, आणि बाण खाली. मी अंधारातच तिच्या खोलीत गेले, एका मुठीत ग्लुकोजच्या गोळ्या, दुसऱ्या हातात ग्लुकोमीटर. ती गाढ झोपली होती. ज्या दंडावर शुगर मोजणारा सेन्सर चिकटवलेला, नेमका तोच दंड अंगाखाली घेऊन. तिच्या बोटाला सुई टोचली, थेंब पट्टीवर घेतला. 118. तिला अलगद दुसऱ्या कुशीवर वळवलं आणि शेजारी बसून राहिले. थोड्या वेळाने फोनवरचा आकडाही आपोआप वर चढला.

याला 'कॉम्प्रेशन लो' म्हणतात. टाइप 1 डायबिटीस (यात शरीरात इन्सुलिन जवळजवळ तयारच होत नाही, ते बाहेरून द्यावं लागतं) असलेल्या मुलांच्या आईवडिलांना हा शब्द तोंडपाठ असतो. सेन्सरची तार केसासारखी बारीक, त्वचेखाली जेमतेम 5 मिलीमीटर जाते. ती रक्तवाहिनीत नसते, पेशींच्या मधल्या द्रवात असते. तिच्यावर ग्लुकोज ऑक्सिडेज नावाचं एन्झाइम असतं. ग्लुकोजशी त्याची क्रिया झाली की अगदी क्षीण विद्युतप्रवाह तयार होतो आणि त्यावरून आकडा काढला जातो. दंड दाबला गेला की त्या जागेचा रक्तपुरवठा घटतो आणि शुगर पडल्यासारखी दिसते. शिवाय रक्तातला बदल त्या द्रवात उतरायला काही मिनिटं लागतात. म्हणजे शुगर झपाट्याने वरखाली होत असताना फोनवर दिसतो तो काही मिनिटांपूर्वीचा आकडा.

हे इतकं खोलात सांगितलं कारण वेअरेबल, म्हणजे अंगावर घालायच्या उपकरणांबद्दल मला जे म्हणायचंय ते सगळं त्या एका रात्रीत आहे. अलार्म वाजला हे चांगलंच झालं. तो खोटा निघाला. आणि तो खोटा आहे हे ओळखायला एक जागं माणूस, एक सुई आणि सहा वर्षांचा अनुभव लागला.

माझी लेक आठ वर्षांची असताना तिला टाइप 1 निघाला. सेन्सर यायच्या आधी दिवसातून आठ-दहा वेळा बोटं टोचायची. तिच्या बोटांच्या टोकांवर काळे ठिपके असायचे. रात्री दोनला मी गजर लावून उठायचे, कारण झोपेत शुगर पडली तर तिला स्वतःला कळेलच असं नव्हतं. सकाळी तिला हाक मारताना, ती 'ओ' देईपर्यंतचे ते दोन-तीन क्षण कसे जातात हे ज्यांनी अनुभवलंय त्यांनाच कळेल. सेन्सर लागला, बोटं बरी झाली आणि मी कित्येक महिन्यांनी सलग सहा तास झोपले. त्या यंत्राचे माझ्यावर उपकार आहेत. पुढे मी बऱ्याच तक्रारी करणार आहे, म्हणून हे आधी सांगते.

बोट टोचून मिळतो एक ठिपका. सेन्सर दर पाच मिनिटांनी आकडा देतो, म्हणजे दिवसाला 288 ठिपके, आणि त्यांची रेघ होते. शुगर 110 आहे एवढं कळून भागत नाही. ती 110 वरून वर चाललीय की खाली, यावर इन्सुलिन द्यायचं की ग्लुकोजची गोळी, हे ठरतं. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए1सी टेस्ट हे दाखवूच शकत नाही. रोज 50 पर्यंत घसरणाऱ्या आणि 300 ला भिडणाऱ्या मुलाची सरासरीसुद्धा देखणी दिसू शकते. म्हणून 2019 मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी मिळून नवं मोजमाप मान्य केलं: दिवसातला किती वेळ शुगर 70 ते 180 च्या मध्ये राहते. बहुतेक रुग्णांसाठी उद्दिष्ट 70 टक्क्यांहून जास्त. हे मोजमाप सेन्सरमुळेच शक्य झालं. उपकरणाने उपचाराची भाषाच बदलली, याहून मोठं आश्वासन काय असतं?

आणि यात रुग्णांचा, आईबापांचा वाटा केवढा मोठा! 2013 साली जॉन कॉस्टिक या अमेरिकन इंजिनिअर बापाने आपल्या लहान मुलाच्या सेन्सरचे आकडे इंटरनेटवर आणायची वाट शोधली, मुलगा शाळेत असताना ते बघता यावेत म्हणून. त्यातून सेन्सरचे आकडे दुरून बघायची 'नाइटस्काउट' ही व्यवस्था उभी राहिली. डेना लुईस ही तरुणी स्वतः टाइप 1 ची. सेन्सरच्या अलार्मने तिला झोपेतून जागच येत नसे. तिने आधी मोठ्याने वाजणारा अलार्म केला, मग त्याच आकड्यांवरून, अंगाला लावलेल्या इन्सुलिन पंपातलं इन्सुलिन आपोआप कमी-जास्त करणारी प्रणाली जुळवली आणि 2015 मध्ये ती सगळ्यांसाठी खुली केली. अशा प्रकारच्या पहिल्या व्यावसायिक यंत्राला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं आणि वैद्यकीय उपकरणांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेने, मान्यता दिली ती 2016 च्या सप्टेंबरात. 'आम्ही वाट बघत बसणार नाही' हे या लोकांचं घोषवाक्य. त्यांच्याबद्दल वाचताना आजही माझे डोळे भरून येतात.

आता दुसरी बाजू. लेकीच्या दंडावरचा सेन्सर बघून लोक मला विचारतात, "आमच्यासाठी कोणतं घड्याळ घ्यावं?" मी उलट विचारते, कशासाठी? बहुतेक जण म्हणतात, "असंच, तब्येतीवर लक्ष राहावं म्हणून." इथेच माझं मत वेगळं आहे. आजार ठाऊक असेल, काय मोजायचं हे ठरलेलं असेल आणि आकडा आल्यावर काय करायचं हेही ठरलेलं असेल, तर अंगावरचं उपकरण जीव वाचवतं. यातलं काहीच ठरलेलं नसेल तर ते बरेचदा घोर लावतं.

माझा भाचा सव्वीस वर्षांचा, धडधाकट. घड्याळाने त्याला सांगितलं की हृदयाचे ठोके अनियमित आहेत. ईसीजी झाला, चोवीस तास ठोके नोंदवणारं होल्टर झालं, हृदयाची सोनोग्राफी म्हणजे इको झाली. काहीही निघालं नाही. डॉक्टरांनी पाठीवर हात ठेवून सांगितलं, "निवांत राहा." पण त्याचा हात दिवसातून तीस वेळा मनगटाकडे जायचा. बोलता बोलता मध्येच थांबून तो पल्स बघायचा. काही महिन्यांनी त्याने घड्याळ काढून ठेवलं तेव्हा कुठे त्याला झोप लागायला लागली.

यात घड्याळाचा दोष कमी, गणिताचा जास्त. समजा हजार तरुण आहेत आणि त्यातल्या दोघांनाच ठोके अनियमित पडण्याचा विकार आहे. घड्याळ दोघांनाही पकडतं, पण निरोगी शंभरांत एकाला उगाच इशारा देतं. म्हणजे बारा जणांना इशारा गेला आणि त्यातले दहा ठणठणीत. तेच घड्याळ अशा हजार वृद्धांना घाला ज्यांच्यातल्या शंभर जणांना हा विकार आहे. आता इशारा मिळालेल्या शंभराहून जास्त जणांत चुकीचे फक्त नऊ. घड्याळ तेच, कोणाच्या मनगटावर आहे यावर त्याच्या बोलण्याचा अर्थ बदलला. ॲपलच्या घड्याळावर झालेल्या हृदय-अभ्यासात 4,19,297 लोक होते. निष्कर्ष 2019 मध्ये आले. इशारा मिळाला 0.52 टक्क्यांना, चाळिशीच्या आतल्यांत 0.16 टक्के, पासष्टीच्या पुढे 3 टक्क्यांच्या आसपास.

आणि खरंच विकार सापडला तरी पुढे काय? अनियमित ठोक्यांच्या या विकारामुळे, म्हणजे एट्रियल फिब्रिलेशनमुळे, स्ट्रोकचा धोका साधारण पाचपट होतो, म्हणून तो लवकर सापडावा हे कुणालाही पटेल. पण डेन्मार्कमधल्या 'लूप' या अभ्यासात सत्तरी ओलांडलेल्या, आधीच जोखीम असलेल्या सुमारे 6,000 लोकांपैकी काहींच्या त्वचेखाली कायम ठोके नोंदवणारं उपकरण बसवलं. त्या गटात विकार 31.8 टक्के लोकांत सापडला, बाकीच्यांत 12.2 टक्के. अडीचपटीहून जास्त जणांत सापडला, रक्त पातळ करायची औषधंही जास्त जणांना सुरू झाली, तरी स्ट्रोक कमी झाले असं ठामपणे म्हणण्याइतका फरक पडला नाही. 2021 मध्ये हे प्रसिद्ध झालं तेव्हापासून ते माझ्या मनातून गेलेलं नाही. सापडणं आणि बरं होणं यांच्यात केवढं अंतर आहे!

झोपेच्या स्कोअरबद्दल एवढंच: स्कोअर चांगला यावा या काळजीने झोप उडालेल्या लोकांसाठी संशोधकांनी 2017 मध्ये 'ऑर्थोसोम्निया' असा शब्द काढला. सकाळी उठल्यावर ताजंतवानं वाटतंय का, हे आधी स्वतःला विचारा.

मला खरा राग येतो तो एका गोष्टीचा. दर महिन्याला कुणीतरी मला जाहिरात फॉरवर्ड करतं: 'सुई न टोचता शुगर मोजणारं घड्याळ.' प्रेमाने पाठवतात, मला ठाऊक आहे. पण कृपा करून हे वाचा. त्वचेला छेद न देता, स्वतःच्या बळावर शुगर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, ती वापरू नका, असा स्पष्ट इशारा एफडीएने 2024 च्या फेब्रुवारीत दिला. माझ्या लेकीच्या इन्सुलिनचा डोस आकडा बघून ठरतो. आकडा बनावट असेल तर डोस चुकतो, आणि चुकलेल्या डोसने माणूस काही तासांत बेशुद्ध पडू शकतो. दंडावर सेन्सर असलेल्यांच्या घड्याळावर आकडा दिसतो तो सेन्सरकडून आलेला असतो. घड्याळ तो फक्त दाखवतं.

प्रकाशाने मोजणाऱ्या यंत्रांची आणखी एक अडचण फारशी बोलली जात नाही. ऑक्सिमीटर लाल आणि अवरक्त प्रकाश त्वचेतून पाठवतो, किती शोषला गेला ते बघतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिनही प्रकाश शोषतं. 2020 च्या डिसेंबरात अमेरिकेतल्या रुग्णांच्या नोंदींवरून दिसलं की ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवत असताना रक्ततपासणीत ऑक्सिजन 88 च्या खाली निघण्याचं प्रमाण गोऱ्या रुग्णांत 3.6 टक्के होतं आणि कृष्णवर्णीयांत 11.7 टक्के. ही बोटाला लावायची हॉस्पिटलमधली यंत्रं. मनगटावर तर हात हलतो, पट्टा सैल असतो, घाम असतो. ज्यांच्या त्वचेवर यंत्र तपासलंच नाही त्यांना ते विकताना कंपनीने तसं डब्यावर मोठ्या अक्षरांत छापावं, अशी माझी मागणी आहे.

त्वचेवरून आठवलं. सेन्सरमधल्या आयसोबॉर्निल ॲक्रिलेट या रसायनाची ॲलर्जी इतक्या जणांना व्हायला लागली की अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या संस्थेने त्याला 2020 चा 'ॲलर्जन ऑफ द इयर' ठरवलं. लेकीच्या दंडावर सेन्सर काढल्यावर लाल गोल उमटायचा, खाज सुटायची. तिच्यासाठी भविष्यातलं तंत्रज्ञान म्हणजे खाज न आणणारा चिकटपट्टीचा गोल तुकडा, आणि तिची ही मागणी मला कोणत्याही एआयपेक्षा महत्त्वाची वाटते.

मग माहितीचा प्रश्न. डॉक्टरकडची फाइल कायद्याने जपली जाते, पण तीच माहिती ॲपमध्ये असली की नियम बदलतात. अमेरिकेचा 1996 चा आरोग्य-गोपनीयतेचा कायदा हॉस्पिटलं आणि विमा कंपन्यांना लागू होतो, ग्राहकाने स्वतः घेतलेल्या घड्याळाच्या कंपनीला सहसा नाही. आणि नावं काढून टाकली म्हणजे माहिती निरुपद्रवी झाली असंही नाही. धावण्या-सायकलिंगची नोंद ठेवणाऱ्या 'स्ट्राव्हा' ॲपने जगभरच्या धावण्याच्या वाटांचा नकाशा टाकला, त्यात नावं नव्हती. तरी 2018 च्या जानेवारीत लोकांनी त्यावरून लष्करी तळ ओळखून दाखवले. कंपनीच गुंडाळली गेली तर काय, हाही प्रश्न आहेच. 'सेकंड साइट' कंपनीची कृत्रिम दृष्टी डोळ्यांत बसवून घेतलेल्या माणसांना कंपनी आर्थिक अडचणीत आल्यावर दुरुस्तीला कुणी वाली उरला नाही. ज्यावर जीव अवलंबून आहे अशा वस्तूसाठी सुटे भाग आणि सॉफ्टवेअर किती वर्षं मिळणार, हे विकतानाच लिहून द्यायला हवं.

पण सगळ्यात मोठी अडचण मला दवाखान्यात दिसते. दोन आठवड्यांचे 4,032 आकडे घेऊन मी जाते. डॉक्टरांकडे दहा मिनिटं असतात. आमच्याकडे एक डायबिटीस एज्युकेटर ताई आहेत. त्या रिपोर्ट छापून, पेनने गोल करत बसतात. एकदा त्यांनीच दाखवलं: आठवड्यात चार रात्री पहाटे चारच्या सुमारास रेघ हळूहळू उतरतेय. कॉम्प्रेशनची घसरण एकदम कड्यासारखी पडते, ही मात्र उतारासारखी होती. त्यांनी रात्रीचं इन्सुलिन एक युनिटने कमी करायचं डॉक्टरांना सुचवलं. आठवड्याभरात पहाटेचे लो थांबले. तो आलेख मी रोज बघत होते, मला दिसलं नव्हतं. अशा ताई किती दवाखान्यांत आहेत? आकडे वाचण्याच्या कामाचा पगार कोण देतं? एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाचं घड्याळ रात्री दोनला इशारा देतं तेव्हा तो कुणाच्या फोनवर जातो? पुढच्या दहा वर्षांतला पैसा नव्या सेन्सरवर जेवढा खर्च होईल, त्यातला मोठा हिस्सा या माणसांवर व्हावा असं मला मनापासून वाटतं.

लेक आता चौदाची आहे. गेल्या महिन्यात म्हणाली, "आई, शाळेत असताना माझा आकडा बघून सारखे मेसेज करू नकोस. 180 झाली की तू विचारतेस, सगळ्यांसमोर फोन वाजतो." मला लागलं, खोटं कशाला सांगू. मग आम्ही दोघी वही घेऊन बसलो. तिच्या फोनवरचा अलार्म 70 वर राहील, आणि तो वाजला की ती स्वतः गोळी खाईल. माझ्या फोनवर शाळेच्या वेळेत वाजेल तो फक्त 60 च्या खाली. रात्रीचा अलार्म मात्र माझ्याकडे, पूर्वीसारखाच. हे तिने मान्य केलंय, अठरा वर्षांची होईपर्यंत.