"धबधबा म्हणजे घरचा नळ": २ स्टारच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई, रिव्ह्यू वाचला. तुमचं म्हणणं असं की स्कॉटलंडमधल्या लॉख लोमंडच्या (लॉख म्हणजे तलाव) काठावरचा, इन्व्हर्सनेड गावचा आमचा "सोपा फॅमिली वॉक" अजिबात सोपा नव्हता, प्रॅम उचलून न्यावी लागली, चिलटांनी फोडून काढलं आणि धबधबा म्हणजे घरचा नळ.

प्रॅमचं आधी बोलते कारण ती चूक सरळ सरळ आमची. पेजवर नुसतं "सोपा" लिहून ठेवलं होतं, चाकं चालतील की नाही याबद्दल एक अक्षर नाही. बोटीतून उतरल्यावर धबधब्याच्या पुलावर जायला पायऱ्या, आणि पुढे काठाने उत्तरेला गेलं की मुळ्या आणि ओले दगड, चढ फार नाही पण प्रत्येक पाऊल बघून टाकावं लागतं. मागचं चाक मुळीत अडकलं तेव्हा आमचे हे गुडघ्यावर बसून ते सोडवत होते आणि बाळ माझ्या कडेवर, मलाही तेव्हाच कळलं की आपण काय लिहून बसलोय. पेज काल बदललंय. बोटीचं तिकीट सोडून बाकीचे निम्मे पैसे परत पाठवतोय, बोटीचे आमच्याकडे येतच नाहीत.

आता नळ. ताई, तुम्ही चिडून लिहिलंत पण खरंच तसंच आहे हो! तो धबधबा आर्कलेटच्या ओढ्याचा, आणि वरच्या लॉख आर्कलेटला धरण बांधून तिथलं पाणी लॉख कॅट्रिनला वळवलंय, आणि कॅट्रिनचं पाणी १८५९ पासून ग्लासगोला जातं. म्हणजे तुम्ही सकाळी हॉटेलात ज्या पाण्याने आंघोळ केलीत त्यातलं थोडंफार इथलंच. त्यात आठवडाभर पाऊस नाही. फोनवर तुम्हीच दोनदा विचारलंत की ऊन असेल ना, फोटो काढायचेत, ते ऊन मिळालं, मग पाणी कुठून येणार? आपल्याकडे मे महिन्यात ठोसेघरला कोण जातं!

चिलटं, म्हणजे इथले मिजेस, वारा पडला की येतात, उन्हाळाभर असतात, त्याला आमचा इलाज नाही. जाळीच्या टोप्या बॅगेत होत्या, आजींनी घातली, त्यांना एक चावलं नाही, बाकीच्यांना फोटोत बरं दिसणार नाही म्हणून नको होती. असो. आणि त्या रानबकऱ्या बघून तुमचा थोरला हसून हसून खाली बसला होता तेही दोन शब्दात लिहिलं असतंत तर बरं वाटलं असतं.

पुन्हा आलात आणि प्रॅम असेल तर लॉख कॅट्रिनला नेईन, उत्तरेच्या काठाने डांबरी रस्ता आहे, बाहेरच्या गाड्यांना बंदी, चाकं मस्त पळतात. फक्त तिकडे मोठा धबधबा नाही, हे आत्ताच सांगून ठेवते.