एक भाषा, एक धर्म, एक शो? अरबी ‘करोडपती’बद्दलचा सोपा समज

‘कौन बनेगा करोडपती’चा विषय निघाला की एक मत हमखास फिरत येतं : “हे सगळं विलायती साच्यातलं. भाषा बदलायची, प्रश्न बदलायचे, झालं. अरबांचं तर त्याहून सोपं. भाषा एक, धर्म एक, पैशाला तोटा नाही. एकदा अरबीत केला की बावीस देशांत चालला. आपल्याला मात्र दर राज्यासाठी वेगळा खटाटोप.” मत सुटसुटीत आहे, म्हणूनच खपतं. एकेक वाक्य घेऊन बघू.

साच्यापुरतं ते खरं आहे. ब्रिटनमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या मूळ कार्यक्रमाचे हक्क सेलाडॉर या कंपनीकडे होते, आणि परवाना देताना सेट, प्रकाशयोजना, संगीत, लाइफलाइन सगळं ठरल्याप्रमाणेच ठेवायची तिची सक्ती असे. म्हणून २००० साली स्टार प्लसवर अमिताभ बच्चन आणि त्याच वर्षी एमबीसी या अरबी उपग्रह वाहिनीवर जॉर्ज कुर्दाही बसले, तेव्हा दोघांच्या मागचा निळसर अंधार आणि छातीत धडधड वाढवणारं संगीत एकच होतं. इथवर हरकत नाही.

आता ‘पैशाला तोटा नाही’. अरबी कार्यक्रमाचं नाव ‘मन सयर्बह अल-मल्यून’, म्हणजे मिलियन कोण जिंकणार. पण मिलियन कशाचे? त्या काळी दहा लाख लेबनीज पाउंड म्हणजे जेमतेम ६६० डॉलर. त्यासाठी कोणी घाम पुसत हॉट सीटवर बसणार नाही. दहा लाख कुवेती दिनार म्हणजे तीस लाख डॉलरच्या वर. तेवढं दर हंगामात वाटायचं तर वाहिनीच विकायला काढावी लागेल. एमबीसीने सौदी रियाल निवडला. डॉलरला ३.७५ हा त्याचा दर १९८६ पासून बांधलेला, त्यामुळे दहा लाख रियाल म्हणजे सुमारे २ लाख ६७ हजार डॉलर. आपल्या रुपयांत तेव्हाचे सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे आपल्या एक कोटीच्या बक्षिसापासून फार लांब नाही. शिवाय एमबीसीची मालकी सौदी आणि जाहिरातदारांचा डोळाही सौदी ग्राहकावर. कैरोतल्या प्रेक्षकाने मात्र प्रत्येक पायरीला मनातल्या मनात गुणाकार करत बसायचा. बक्षिसाची रक्कम ठरवणं हाच इतका हिशेबाचा मामला असेल, तर ‘भाषा बदलली की झालं’ म्हणणाऱ्याने हा आकडा आधी ठरवून दाखवावा.

‘भाषा एक’ हे लिहिण्यापुरतं बरोबर. बोलताना मोरोक्कोच्या माणसाचं घरगुती अरबी आखातातल्या माणसाच्या डोक्यावरून जातं. म्हणून प्रश्न प्रमाण अरबीत, बातम्यांच्या आणि पाठ्यपुस्तकांच्या भाषेत. तसं बोलायला कोण लागतो? कैरोचा सिनेस्टार घ्यावा तर तो पहिल्याच वाक्याला इजिप्तचा होऊन जातो. आपल्याकडे बच्चनसाहेबांचं वलय पुरलं. तिथे रेडिओ मॉन्टे कार्लोच्या अरबी प्रसारणात वर्षानुवर्षं आवाज घासलेला लेबनीज पत्रकार, म्हणजे कुर्दाही, लागला. माझ्या मते कार्यक्रमाचं निम्मं यश या निवडीत आहे. कुर्दाहींचा ‘जवाब निहाई?’ हा प्रश्न पुढे बाजारात, वर्गात, घरच्या भांडणात ऐकू येऊ लागला, अगदी आपल्या ‘लॉक किया जाए’सारखा.

पडद्यावरच्या बारीक गोष्टीही बघा. ओळ उजवीकडून सुरू होते, म्हणून पहिला पर्याय उजव्या हाताला. पर्यायांची अक्षरं अलिफ, बा, जीम, दाल. शाळेतल्या वर्णमालेच्या क्रमाने नव्हे, तर जुन्या अबजद मोजणीच्या, म्हणजे अक्षरांनाच आकडे मानण्याच्या, क्रमाने. आकड्यांचं आणखी त्रांगडं : इजिप्तपासून आखातापर्यंत एक अंकलिपी, आणि मोरोक्को-अल्जीरियात युरोपात चालतात तेच अंक. महिन्यांची नावंसुद्धा दमास्कसला वेगळी, कैरोला वेगळी. तारखेवरचा साधा प्रश्न घालायचा तरी आधी विचार करावा लागतो. मग ‘फोन अ फ्रेंड’. मित्र सुदानच्या खार्टूममध्ये, त्याच्या हातात तीस सेकंद, आणि तो प्रमाण भाषेत थोडाच बोलणार!

‘धर्म एक’ हे तर वाक्य म्हणूनच चूक. ज्या चेहऱ्यावर हा कार्यक्रम उभा राहिला ते कुर्दाही मारोनाइट ख्रिस्ती. आणि इस्लामपुरतं बोलायचं तरी एकमत कुठे होतं? इजिप्तचे तेव्हाचे मुफ्ती नस्र फरीद वासिल यांनी २००१ मध्ये या कार्यक्रमाला जुगाराच्या रांगेत बसवलं. खरं तर स्पर्धक स्वतःच्या खिशातलं काही पणाला लावत नाही. पण तिथवर पोचायला पैसे मोजून फोन करावे लागत असतील, तर ते पैसे म्हणजे डावच नव्हे का, हा प्रश्न उरतोच. फतवा निघाला, कार्यक्रम चालूच राहिला.

उलट उदाहरण ‘बिग ब्रदर’चं, म्हणजे आपल्या ‘बिग बॉस’च्या मूळ साच्याचं. २००४ च्या फेब्रुवारीत एमबीसीने त्याची अरबी आवृत्ती बहरीनमध्ये सुरू केली. बायका-पुरुषांची झोपायची सोय वेगळी, नमाजाच्या खोल्या वेगळ्या, सगळी खबरदारी. तरी रस्त्यावर निदर्शनं झाली आणि मार्च उजाडताच कार्यक्रम गुंडाळावा लागला. गंमत अशी की त्याच महिन्यांत लेबनॉनमधून ‘स्टार अकॅडमी’ ही गाण्याची स्पर्धा चालू होती. तिथेही तरुण-तरुणी एका छताखाली, धर्मगुरूंचा विरोध तिलाही झाला, आणि ती सौदी घराघरांत बघितली जात होती. धर्माएवढाच फरक चित्रीकरणाचं घर कुठल्या देशात आहे याने पडला.

राहिलं ‘बावीस देशांत चालला, आपल्याला मात्र दर राज्यासाठी वेगळा’. हिंदी ‘करोडपती’ही बरीच वर्षं देशभर चालला, ‘कोण होईल मराठी करोडपती’ सचिन खेडेकरांना घेऊन आला तो २०१३ मध्ये. वेगळा काढला कारण मराठी जाहिरातदार आणि मराठी प्रेक्षक वेगळा मोजता येऊ लागला. एमबीसीनेही तेच केलं. २०१२ मध्ये इजिप्तसाठी एमबीसी मस्र, २०१९ मध्ये इराकसाठी एमबीसी इराक, आणि त्याच वर्षी मोरोक्को-अल्जीरिया-ट्युनिशियाच्या पट्ट्यासाठी एमबीसी फाइव्ह. सगळ्या अरबांना एकाच वाहिनीवर बसवून दाखवणाऱ्या कंपनीनेच पुढे त्यांच्यासाठी वेगळ्या वाहिन्या काढल्या.