डी. एन. रोडवरचं सिमेंट

मुंबईच्या डी. एन. रोडवर एका जुन्या दगडी इमारतीच्या दुरुस्तीला परांचीवर सिमेंटच्या गोण्या चढल्या, वादाला एवढंच निमित्त. व्हाइटअवे लेडलॉचं जुनं दुकान, म्हणजे आपलं खादी भांडार, त्याच रांगेत पुढे.

बंड्या खूश. “चला, एकदाची पक्की होणार!”

“पोकळ होणार,” आप्पा. “मालाडचा दगड पाणी पितो आणि चुन्याच्या सांध्यातून सोडतो. सांधे सिमेंटने बुजवलेस की ते दगडातूनच बाहेर येणार. क्षार आतल्या आत साचतात, मग दगडाचे पापुद्रे सुटतात.”

“मग आता चुना कालवत बसायचं?”

“बसायचं! कळीचा चुना दोन-तीन आठवडे मुरवायचा. एकास तीन वाळू, जोडीला थोडी सुर्खी, म्हणजे विटांची भुकटी. सांधा रुंदीच्या दुप्पट खोल खरवडायचा, तोही छिन्नीनेच. ग्राइंडर लावला की दगडाच्या कडा उडतात. मग धुऊन, ओला करून भरायचा आणि आठवडाभर गोणपाट भिजतं ठेवायचं. भिंतीत उगवलेला पिंपळ नुसता वरून छाटला तर पुढच्या पावसात पुन्हा हजर. दगड काढून मुळी उपसावी लागते.”

एवढ्या बारकाईने कुठलं टेंडर लिहिलं जात नाही, आणि दगड मरतो तो तिथेच.

बंड्याने ठेवणीतलं काढलं. “पाडा आणि काचेचा टॉवर ठोका!”

“स्वतःच्या गच्चीची गळती थांबव आधी,” सुली म्हणाली. “आणि १९९५पासूनची हेरिटेज नियमावली काय वडे गुंडाळायला आहे? या रस्त्यावर तळमजल्याला कमानी ठेवायचा नियम १८९६चा. म्हणून तर भर पावसात तू छत्रीशिवाय स्टेशन गाठतोस. त्या कमानीवर पाटी ठोकणाऱ्याला आधी धरा. पाटी कमानीच्या आत बसवायची, दगडाला भोक न पाडता.”

वकील इतका वेळ गप्प होता. “दुखणं भाड्याचं आहे. १९४७च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४०च्या पातळीवर गोठवली. १९९९च्या कायद्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, पण कशावर? मूळ आकडाच चिल्लर. मालक कशाला चुना मुरवत बसेल?”

“भाडेकरूंनी वर्गणी काढावी,” आप्पा.

“वर्गणी? गणपतीची अजून दिली नाहीये याने!” सुलीने वकिलाकडे बोट दाखवलं.

“माझी वर्गणी १९४०च्या दराने धरा,” वकील म्हणाला, आणि बंड्याच्या नाकातून चहा आला.