‘च’ कुठून आला? स्क्वॉट-डेडलिफ्टवाल्या मेसेजला उत्तर

परत तो मेसेज फिरतोय. ‘स्क्वॉट आणि डेडलिफ्ट आठवड्यातून एकदाच करा, जास्त केलं की नर्व्हस सिस्टिम बसते, खाली पूर्ण बसलात तर गुडघे जातात, पण तो एक दिवस जीव तोडून मारलात की टेस्टोस्टेरॉन वाढून हातसुद्धा आपोआप भरतात. बायकांनी लांबच राहावं.’ (स्क्वॉट म्हणजे खांद्यावर वजन घेऊन खाली बसून उठणं, डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचं वजन ओढून उभं राहणं.) मला आत्तापर्यंत चौघांनी पाठवलाय, म्हणून काय ते एकदा लिहून टाकते.

आधी ते ‘एकदाच’. एका दिवसात स्क्वॉटचे 10 सेट (सेट म्हणजे न थांबता सलग मारलेली एक फेरी) मारून बघा, पहिले चार-पाच झकास जातात, मग कंबर वाकायला लागते, प्लेट काढाव्या लागतात आणि शेवटचे दोन तर नुसते उरकायचे. तेच सोमवारी 5 आणि गुरुवारी 5 केले तर सगळे सेट ताज्या पायांनी होतात, वजनही जास्त उचललं जातं. फ्रिक्वेन्सीवरचे, म्हणजे आठवड्यातून किती वेळा करायचं यावरचे, अभ्यास एकत्र करून बघितले तर आठवड्याचं एकूण काम सारखं असेल तेव्हा एकदा की तीनदा यानं स्नायूंच्या वाढीत फारसा फरक पडत नाही, म्हणजे एकदा करणारा काही चुकत नाही हां, पण मग ‘एकदाच’ मधला तो ‘च’ आला कुठून? आणि नवीन माणसाला तर दोन-तीनदाच बरं, कारण स्क्वॉट अंगवळणी पडावा लागतो, आज शिकलेलं पुढच्या आठवड्यापर्यंत निम्मं गेलेलं असतं.

नर्व्हस सिस्टिमचं म्हणाल तर बल्गेरियाचा वेटलिफ्टिंग कोच इव्हान अबादजिएव पोरांकडून रोज, तेही दिवसातून अनेकदा, जड वजनं उचलून घ्यायचा आणि मेडल्सही आणायचा. आता त्याच टीमचे दोन गोल्डवाले 1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये डोपिंगमध्ये सापडले आणि टीम घरी गेली, त्यामुळे त्यांचं बघून आपण रोज करायला जायचं नाही, पण दोनदा केल्यानं मज्जातंतू जळतात ही भीती उगाच. डेडलिफ्टच्या बाबतीत मात्र मेसेज अर्धा खरा आहे. जमिनीवरून जड ओढलं की पाठ-कंबर दोन-तीन दिवस दमलेली राहते, म्हणून मी एक दिवस जड घेते आणि दुसऱ्या दिवशी हलकं रोमेनियन, म्हणजे गुडघे फारसे न वाकवता कमरेतून वाकून केलेली डेडलिफ्ट.

गुडघ्यांची गोष्ट जुनी आहे. 1961 मध्ये टेक्सासच्या कार्ल क्लाइननं म्हटलं की खोल स्क्वॉटनं गुडघ्याचे लिगामेंट (हाडं एकमेकांना बांधणारे पट्टे) सैल होतात, आणि तेव्हापासून ते चिकटलंय. नंतरच्या अभ्यासांत तसं काही सापडलं नाही. उलट अर्धंच बसणारा इगोपायी झेपेल त्यापेक्षा जास्त वजन खांद्यावर घेतो, त्याचं कोणी बोलत नाही. गुडघा आधीच दुखत असेल तर गोष्ट वेगळी, तिथे फिजिओला विचारा.

टेस्टोस्टेरॉन व्यायामानंतर थोडं वाढतं आणि तासाभरात जागेवर येतं, तेवढ्यानं दंड भरत नाहीत. दंडासाठी कर्ल मारा, म्हणजे कोपरात हात वाकवून वजन उचला.

आणि बायकांनी लांब राहायचं? ऑस्ट्रेलियात पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या 101 बायकांवर एक ट्रायल झाली, 2018 मध्ये छापून आली. निम्म्या जणींनी 8 महिने, आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास डेडलिफ्ट, स्क्वॉट आणि ओव्हरहेड प्रेस (वजन डोक्यावर ढकलणं) केले, तेही 5 रेपचे, म्हणजे सलग 5 वेळांचे, 5 सेट आणि झेपेल त्या कमाल वजनाच्या 80-85 टक्क्यांहून जास्त वजनावर, जोडीला उड्या. बाकीच्यांना घरी हलका व्यायाम. जड उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता जवळपास 3 टक्के वाढली, बाकीच्यांची कमी झाली. कोच समोर उभा होता आणि वजन हळूहळू चढवलं होतं हे खरं, पण दुखापत म्हणाल तर 8 महिन्यांत एकीच्या कमरेत किरकोळ उसण भरली, बस.