मागच्या सीटमधली चिठ्ठी : आपल्या आक्षेपाला उत्तर

सप्रेम नमस्कार.

१९६८ सालच्या फियाटच्या मागच्या सीटमध्ये सापडलेल्या कागदाविषयी मी जो लेख लिहिला, त्यावर आपण सविस्तर प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल मनापासून आभार. सोलापुरात तीस वर्षे गाड्यांच्या गाद्या भरण्याचे काम ज्यांनी केले, त्यांनी माझ्या लेखातील चूक दाखवावी, यासारखे दुसरे समाधान नाही. उत्तराला उशीर झाला, कारण आपण उपस्थित केलेल्या पहिल्या मुद्द्यासाठी मला पुन्हा गाडीजवळ जाऊन सीटचा सांगाडा नीट तपासावा लागला.

मूळ लेख न वाचलेल्यांसाठी आपले म्हणणे थोडक्यात देतो. तो कागद ‘कारखान्याचा मूळ कागद’ आहे, असे मी छातीठोकपणे लिहिले. परंतु गादी कोणत्या गाडीची आहे हे कळावे म्हणून गादीवालेच सीटमध्ये चिठ्ठ्या ठेवत असत, आपण स्वतः शेकडो ठेवल्या आहेत, तेव्हा ही चिठ्ठी कुर्ल्याच्या फियाट कारखान्यातून आली की इथल्या साखर पेठेतल्या एखाद्या दुकानातून, हे मी कशावरून ठरवले, असा आपला पहिला प्रश्न आहे. अमेरिकन गाड्यांत सापडणाऱ्या कारखान्याच्या कागदांचे दाखले आपल्याकडे लावणे चुकीचे असून अशा लेखांमुळे दलालांना किमती फुगवायला निमित्त मिळते, हा दुसरा आक्षेप. आणि एका चिटोऱ्यासाठी कारागिराचे काम चार दिवस थांबवले, हा तिसरा.

पहिला आक्षेप सर्वांत वजनदार आहे, म्हणून त्यावरच अधिक लिहितो.

कागद कुठे आणि कसा होता, हे मी लेखात एका वाक्यात उरकले होते, आणि तिथेच माझे चुकले. रेक्झिन काढल्यावर खाली कापसाचा थर होता, त्याखाली काथ्या, काथ्याखाली गोणपाट आणि गोणपाटाखाली स्प्रिंगा. कागद गोणपाट आणि स्प्रिंगा यांच्या मधोमध, एकदाच घडी घातलेल्या अवस्थेत होता. आकार अर्ध्या पोस्टकार्डाएवढा. त्यावर पेन्सिलीने, इंग्रजी लिपीत, तीन ओळी आहेत : पहिल्या ओळीत एक क्रमांक, दुसरीत ‘ब्लू’ हा एकच शब्द आणि तिसरीत बरोबरची खूण व कोणाची तरी वाचता न येणारी लहान सही. बॉनेटखालच्या पत्र्यावर ठोकलेल्या चासी क्रमांकाशी, म्हणजे गाडीला कारखान्यातच मिळालेल्या क्रमांकाशी, पहिल्या ओळीतील क्रमांक तंतोतंत जुळतो.

कागदाच्या खालच्या बाजूला गंजाच्या दोन अर्धगोल खुणा आहेत. मी कागद पुन्हा जागेवर ठेवून पाहिला, तेव्हा त्या दोन खुणा शेजारशेजारच्या दोन स्प्रिंगांच्या वरच्या वेढ्यांवर अचूक बसल्या. घडी उघडली की आतल्या पानावर त्याच दोन खुणा फिकट उमटलेल्या दिसतात, म्हणजे गंज कागदाच्या दोन्ही पदरांतून झिरपला आहे. सोलापूरच्या कोरड्या हवेत गंज इतका खोल मुरायला पुष्कळ पावसाळे जावे लागतात. त्यामुळे हा कागद अलीकडे कोणी आणून ठेवलेला नाही, एवढे मी खात्रीने सांगू शकतो. परंतु आपला प्रश्न तो नव्हताच. गादी १९८० साली भरली गेली असती आणि चिठ्ठी तेव्हा ठेवली असती, तरी गंजाच्या खुणा अशाच दिसल्या असत्या. गंज कागदाचे वय सांगतो, तो कोणी ठेवला हे सांगत नाही, आणि मी लेखात या दोन गोष्टींची गल्लत केली होती.

म्हणून गेल्या रविवारी दोन्ही सीटचे सांगाडे उन्हात मांडून कडेच्या कापडाची भोके पाहिली. आपल्याला हे सांगण्याची गरज नाही, पण इतर वाचकांसाठी लिहितो : कापड सांगाड्याला तारेच्या लहान कड्यांनी जखडलेले असते, आणि गादी एकदा उसवून पुन्हा भरली की नव्या कड्या सहसा जुन्या भोकांच्या शेजारी बसतात. चालकाच्या सीटखालच्या गोणपाटाला कडेने भोकांची दुहेरी रांग आहे आणि कड्या दोन जाडीच्या आहेत, म्हणजे ती गादी निश्चितच उसवलेली आहे. मागच्या सीटच्या गोणपाटाला भोकांची एकच रांग आहे, सर्व कड्या एकाच जाडीच्या आहेत आणि त्यांच्यावरचा गंजही सारखा आहे. मागच्या सीटचे वरचे रेक्झिन बदललेले असू शकते. तथापि गोणपाटापर्यंत आजवर कोणी पोचले नव्हते, असे मला वाटते.

दुसरी गोष्ट क्रमांकाची. आपणच लिहिले आहे की, आपण चिठ्ठीवर गिऱ्हाइकाचे नाव किंवा गाडीच्या नंबरप्लेटचे शेवटचे चार आकडे लिहीत असा. ते स्वाभाविकच आहे. ज्या गाडीला नंबरप्लेट आहे, तिच्या गादीची ओळख पटवण्यासाठी बॉनेट उघडून, तेलकट पत्रा पुसून चासी क्रमांक उतरवून घेण्याचे कारण गादीवाल्याला नसते. चासी क्रमांकाने गाडी ओळखण्याची वेळ तिला नंबर मिळण्याआधीच येते. ‘ब्लू’ या शब्दाचाही विचार करावा लागेल. ही गाडी आज पांढरी आहे, आर.सी. बुकाच्या दुय्यम प्रतीतही रंग पांढराच नोंदला आहे. परंतु डॅशबोर्डच्या मागे आणि मागच्या सीटची पाठ काढल्यावर दिसणाऱ्या पत्र्यावर फिकट निळा रंग आहे आणि त्याखाली थेट प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा थर, आहे.

या सगळ्यावरून मी इतकेच म्हणेन की, चिठ्ठी गाडीच्या नोंदणीपूर्वीची आहे आणि तेव्हा गाडी निळी होती. ती कुर्ल्याच्या कारखान्यात ठेवली गेली, कारखान्याला गाद्या पुरवणाऱ्याकडे ठेवली गेली की विक्रेत्याच्या गोदामात, हे ती चिठ्ठी सांगत नाही. तिच्यावर छापील मजकूर नाही, शिक्का नाही. ‘कारखान्याचा मूळ कागद’ हे शब्द मी मागे घेतो. लेखाचे शीर्षक बदलून ‘नोंदणीपूर्वीची चिठ्ठी’ असे केले आहे आणि आपल्या आक्षेपाचा उल्लेख वरच केला आहे.

आणखी एक शब्द मागे घेतो, ज्याबद्दल आपण काही म्हटले नव्हते. अमेरिकन गाड्यांतील कागद ‘लपवून ठेवलेले’ असतात, असे मी लिहिले होते. ते कोणी लपवले नव्हते. डेट्रॉईटच्या कंपन्यांत १९६० आणि १९७० च्या दशकांत जुळणीच्या एकाच साखळीवर एकामागून एक वेगवेगळ्या इंजिनांच्या, रंगांच्या, गाद्यांच्या गाड्या येत असत, आणि पुढच्या गाडीला काय बसवायचे हे कामगाराला सांकेतिक आकड्यांच्या छापील तक्त्यावरून कळे. क्रायस्लरमध्ये त्याला ‘ब्रॉडकास्ट शीट’ म्हणत, इतरत्र ‘बिल्ड शीट’. काम झाले की तक्त्याची गरज संपे. तो कधी सीटच्या स्प्रिंगांत खोवलेला राही, कधी पेट्रोलच्या टाकीवर, कधी गालिच्याखाली. शेव्हरोले कॉर्व्हेटच्या बाबतीत १९६७ पासून असा कागद टाकीच्या वरच्या बाजूला चिकटवलेलाच असे. टाकी खाली उतरवल्याशिवाय तो दिसत नाही, म्हणून तो ‘लपवलेला’ वाटतो. कित्येकदा शेजारच्या गाडीचा तक्ता भलत्याच गाडीत राहिलेला आढळतो, आणि म्हणून तिथले जाणकारही तक्त्यावरचा क्रमांक गाडीच्या क्रमांकाशी जुळवल्याशिवाय त्याला किंमत देत नाहीत. आपण मला जे विचारलेत, तेच तिथेही विचारले जाते.

आता किमतीविषयी. आपली काळजी रास्त आहे. अमेरिकेत या कागदांना इतके महत्त्व का आले, त्याचे कारण पाहिले तर तो धोका आपल्याकडे कितपत आहे हे कळते. १९६९ च्या शेव्हरोले कॅमॅरो या गाडीचा क्रमांक पाहून इंजिन सहा सिलिंडरचे की आठचे, एवढे कळते. गाडी ‘झेड अठ्ठावीस’ या वेगवान प्रकारातली होती की साधी, हे त्या क्रमांकात नाही. शेव्हरोलेने इंजिनाचा संकेत गाडीच्या क्रमांकात १९७२ पासून घातला. त्यामुळे त्याआधीच्या साध्या गाडीला मोठे इंजिन बसवून ती मूळची म्हणून विकणे सोपे होते, आणि ते रोखायला बिल्ड शीट कामी येते. अर्थात त्यातूनच बनावट बिल्ड शीटचा धंदाही सुरू झाला. जिथे कारखान्याच्या नोंदवह्या टिकल्या आहेत, तिथे ही ओढाताण कमी आहे : इंग्लंडमध्ये गेडन येथील मोटार-संग्रहालय ऑस्टिन, मॉरिस, एमजी यांसारख्या गाड्यांना मूळ उत्पादन-नोंदींवरून दाखला देते, आणि अमेरिकेत १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांची माहितीही मिळू शकते.

आपल्या फियाटमध्ये असा प्रश्न उद्भवत नाही. इंजिन एकच, १०८९ सी.सी.चे, दुर्मीळ प्रकार म्हणून भाव वाढवावा असे त्या चिठ्ठीत काहीही नाही. तिच्यामुळे गाडीची किंमत एक रुपयानेही वाढू नये, असेच माझे मत आहे. तिचा उपयोग निराळा आहे. मालकांना गाडी मूळ रूपात आणायची आहे, आणि गाडी निळी करायची की पांढरी, हा त्यांच्यापुढचा खरा प्रश्न होता. २०२१ साली केंद्र सरकारने व्हिंटेज गाड्यांसाठी जे नियम केले, त्यांत पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे पूर्ण झालेली आणि मूळ स्वरूपात राखलेली गाडी, अशी अट आहे. अशा गाडीला नंबरात ‘व्ही.ए.’ अक्षरांची वेगळी मालिका मिळते. ‘मूळ स्वरूप’ कोणते, हे ठरवायला मालकाच्या आठवणीखेरीज काही पुरावा हाती असेल तर तो हवाच. पत्र्यावरचा निळा रंग आणि चिठ्ठीवरचा शब्द हे दोन्ही जुळले, म्हणून मालकांनी निळा रंग निवडला. नुसत्या चिठ्ठीवर त्यांनी तो निवडला असता, तर मीच त्यांना थांबवले असते.

सोलापूरचा या उद्योगाशी काय संबंध, असेही आपण जाता जाता लिहिले आहे. प्रीमियर ऑटोमोबाइल्स उभी करणारे वालचंद हिराचंद यांचा जन्म १८८२ साली सोलापुरातच झाला. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली गाडी आपल्या गावात जपली जावी, असे मला वाटते, त्यात एवढा आपलेपणा नक्कीच आहे.

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर लहान आहे. काम चार दिवस थांबले हे खरे. त्या चार दिवसांची मजुरी मालकांनी कारागिराला पूर्ण दिली, हे मी लेखात लिहायला हवे होते. थांबण्याचे कारण मात्र मी सोडणार नाही. सहा वर्षांपूर्वी माझ्याच हातून एका जुन्या गाडीच्या मागच्या सीटखालची धूळ काढताना कॉम्प्रेसरच्या हवेने एका कागदाच्या चिंध्या झाल्या. कागद आहे हे तुकडे उडाले तेव्हा कळले. त्यावर छापील रकाने होते, एवढेच मला दिसले. पुढे दुसऱ्या एका मालकांनी गाडीत सापडलेली जुनी पावती ‘सुरक्षित’ राहावी म्हणून दुकानात नेऊन लॅमिनेट करून आणली. उष्णतेने शाई पसरली आणि प्लास्टिक आता कागदापासून सुटत नाही. हे दोन्ही अनुभव गाठीशी असल्यामुळे या वेळी आधी कागद जागेवर असतानाच, शेजारी पट्टी ठेवून फोटो काढले. कागद वाळून पापडासारखा झाला होता आणि तो तसाच उघडला असता तर घडीवर तुटला असता. तो झाकणाच्या डब्यात ओल्या फडक्यासोबत, पण फडक्याचा स्पर्श होणार नाही असा, एक दिवस ठेवला. थोडा नरम झाल्यावर उघडला आणि दोन स्वच्छ टीपकागदांमध्ये हलक्या वजनाखाली वाळू दिला. चार दिवस त्यात गेले. सेलोटेप लावलेली नाही, लावणारही नाही. आता तो पारदर्शक पॉलिस्टरच्या पाकिटात, गाडीच्या कागदपत्रांसोबत मालकांकडे आहे.

आपल्या प्रतिक्रियेतल्या एका वाक्याने मला फार विचार करायला लावले. आपण ठेवलेल्या चिठ्ठ्यांना आपण ‘कचरा’ म्हटले आहे. मला तसे वाटत नाही. कोणत्या दुकानात, कोणत्या काळात, कशा कागदावर, चिठ्ठीवर काय लिहिले जाई, हे आपल्याखेरीज आता फार थोड्यांना सांगता येईल. ते ठाऊक असते, तर या फियाटमधली चिठ्ठी गादीवाल्याची आहे की नाही, हे मला लेख लिहिण्यापूर्वीच पडताळता आले असते. यापुढे कोणाच्या गाडीत अशी चिठ्ठी निघाली, तर आपली माहिती हाच पहिला आधार ठरेल.

म्हणून एक विनंती आहे. सीटचा सांगाडा पुढच्या रविवारपर्यंत अक्कलकोट रस्त्यावरच्या त्याच शेडमध्ये उघडा आहे. सोमवारी नवा काथ्या भरायला घेतला की ती भोके आणि कड्या पुन्हा दिसणार नाहीत. सवडीने येऊन आपण स्वतः पाहावे. भोकांच्या एकेरी रांगेवरून मी काढलेला निष्कर्ष आपल्या हाताला पटला नाही, तर शीर्षक पुन्हा बदलीन. येताना आपल्या दुकानातील एखादी जुनी चिठ्ठी घरात उरली असेल, तर तीही सोबत आणावी.