लाडूच्या रिव्ह्यूला उत्तर: दोन स्टार, सहा आठवडे आणि उकडलेलं चिकन

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू रविवारी रात्री वाचला. उत्तराला चार दिवस लागले, कारण पहिलं उत्तर रागात लिहिलं होतं आणि ते सकाळी उठून पुसून टाकलं.

बाकीच्या वाचणाऱ्यांसाठी तुमची तक्रार थोडक्यात सांगते. लाडू, दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, दुसरं कुत्रं दिसलं की उड्या मारतो, भुंकतो, ओढत नेतो, म्हणून तुम्ही त्याला आमच्या कुत्र्यांच्या प्रशिक्षण वर्गाला आणलंत. सहा आठवड्यांचे नऊ हजार भरलेत. पहिले दोन आठवडे आम्ही त्याला एकाही कुत्र्याजवळ जाऊ दिलं नाही, ‘नुसतं लांब उभं करून चिकन चारलं’. तिसऱ्या आठवड्यात दुसरं कुत्रं, एक बीगल, सुटून त्याच्या अंगावर आलं. कोर्स संपला तरी सोसायटीच्या गेटवर तमाशा सुरूच आहे. आणि आता ओळखीच्या एका ट्रेनरने चोक चेन, म्हणजे ओढली की मान आवळणारी साखळी, घालून दोन दिवसांत लाडूला गप्प केलंय.

आधी आमच्या चुका. त्या दिवशी बीगल सुटला तो कडी नीट लागली नव्हती म्हणून, आणि कडी बघणं माझं काम होतं. चावाचावी झाली नाही, पण लाडू घाबरला आणि पुढचे दोन वर्ग त्याला पुन्हा मूळ जागी आणण्यातच गेले. वर मी तुम्हाला म्हणाले, ‘अहो, कुत्रीच आहेत, चालायचंच.’ असं म्हणायला नको होतं. आता मैदानाला एकामागे एक अशी दोन दारं केली आहेत; पहिलं लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही. त्या तीन वर्गांचे पैसे बुधवारी तुमच्या खात्यावर परत केले आहेत.

दुसरी चूक मोठी आहे, पण तुम्ही ती एका ओळीत उरकलीत. आमच्या बोर्डावर ‘सहा आठवड्यांत शांत कुत्रा’ असं लिहिलं होतं. ते खोटं आहे. सहा आठवड्यांत लीश, म्हणजे पट्ट्याची दोरी, धरणारा माणूस बऱ्यापैकी तयार होतो. कुत्र्याला पुढे कितीतरी महिने सराव लागतो, आणि प्रत्येकाचा वेळ वेगळा. हे मला माहीत होतं, तरी बोर्ड छान दिसत होता म्हणून ठेवला. सोमवारी उतरवला. दोन स्टार या बोर्डासाठी असतील तर मला मान्य आहेत.

चिकनसाठी मात्र मान्य नाहीत.

लाडू भांडखोर नाही. उलट त्याला कुत्री फार आवडतात, आणि तीच अडचण आहे. लहानपणी सोसायटीच्या बागेत दिसेल त्या कुत्र्याशी त्याला खेळायला सोडलं जायचं, हे तुम्हीच रिव्ह्यूत लिहिलंय. म्हणजे त्याच्या लेखी कुत्रं दिसलं की जत्रा. मग तो मोठा झाला, बत्तीस किलोचा झाला, आणि लीश आली. जत्रा समोर दिसतेय आणि जाता येत नाही. ते भुंकणं म्हणजे या कोंडीची आरडाओरड आहे. त्यात आपण घाबरून लीश आखडतो, लाडूची मान वर ओढली जाते, छाती पुढे येते, आणि समोरच्या कुत्र्याला वाटतं हा अंगावर येतोय. तेही गुरगुरतं. अशा दहा-बारा भेटी झाल्या की खेळकर कुत्रंसुद्धा खरोखर भांडायला लागतं.

पहिल्या दिवशी मी पावलं मोजत होते, आठवतं? चाळीस पावलांवर आमची म्हातारी कुत्री इंडी बसली होती. तिथून लाडू तिच्याकडे बघत होता आणि चिकनही खात होता. पस्तीसवर तोंड घट्ट मिटलं, कान पुढे, चिकन नाकाशी धरलं तरी पत्ता नाही. लॅब्रॅडॉरने चिकन नाकारलं की समजायचं, आता त्याच्या डोक्यात काहीही शिरणार नाही. ती रेघ ओलांडायची नाही, अलीकडेच काम करायचं. तुम्हाला जो ‘नुसता उभं राहण्याचा’ वेळ वाटला, त्यात आम्ही ही रेघ चाळीसवरून अठरा पावलांवर आणली होती. बीगलच्या प्रकारानंतर ती पुन्हा तीसवर गेली. सहाव्या आठवड्याच्या शेवटी पंधरा. हे सगळं तुमच्या वहीत तारखेसकट आहे.

आणि क्रम. हे मी नीट समजावलं नाही असं आता वाटतं. आधी कुत्रं दिसायला हवं, मग चिकन यायला हवं. पाव्हलॉव्ह या रशियन शास्त्रज्ञाच्या कुत्र्यांवरच्या प्रयोगात आधी खूण मिळायची आणि मग अन्न, म्हणून त्या खुणेनेच लाळ सुटायची. शेवटच्या वर्गाला मी पाहिलं, लांबून कुत्रं येताना दिसलं की तुम्ही घाईघाईने पिशवीत हात घालता, लाडूचं लक्ष वळवायला. मग लाडू काय शिकतो? पिशवी वाजली, म्हणजे कुठूनतरी कुत्रं येतंय. तो उलट जास्त सावध होतो. थांबायचं. त्याला बघू द्यायचं. एक-दोन सेकंदांनी तो स्वतः मान वळवून तुमच्याकडे बघेल, तेव्हा नखाएवढा तुकडा, बिनमिठाचा. बघितलं नाही, तर तुम्ही फार जवळ आहात. अर्धवर्तुळ घेऊन बाजूने निघून जायचं. समोरासमोर सरळ रेषेत चालत जाणं कुत्र्यांच्यात तसंही उद्धटपणाचं असतं. दोन ओळखीची कुत्री मोकळी सोडली की बघा, ती वळसा घेऊन, जमीन हुंगत एकमेकांकडे येतात.

आता चोक चेन. लाडू गप्प झाला हे मी नाकारत नाही. मानेला कळ लागली की कुणीही गप्प होईल. पण त्याला शिकवलं काय गेलं? कुत्रं दिसलं की मान आवळते. काल जी जत्रा होती ती आज मारकुटी झाली, फक्त तो तसं बोलून दाखवत नाही. भुंकणं-गुरगुरणं हा कुत्र्याचा इशारा असतो, तो मारून बंद केला की एखाद दिवशी इशाऱ्याशिवाय दात लागतात. अशी कुत्री आमच्याकडे येतात, आणि त्यांच्यासोबतचं काम लाडूपेक्षा कितीतरी लांबतं. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या वर्तनविषयक संघटनेने 2021 मध्ये स्पष्ट लिहिलंय की आक्रमक कुत्र्यांसह सगळ्यांसाठी बक्षीस देऊन शिकवणंच वापरावं. हे अमेरिकेचं खूळ वाटत असेल, तर आज संध्याकाळी लाडू कुत्रं दिसल्यावर शेपटी कुठे ठेवतो, ओठ चाटतो का, एवढंच बघा.

गेटचं दुखणं वेगळं आहे आणि ते मी कोर्समध्ये धरलंच नाही, ही तिसरी चूक म्हणा. मैदानावर पंधरा पावलं जमतात. तुमच्या गेटवर मात्र पाच भटकी कुत्री बसतात, कारण त्यांना तिथेच खाणं मिळतं, आणि रस्ता एवढा अरुंद की पाच पावलांच्या पलीकडे जागाच नाही. ती कुत्री कुठे जाणार नाहीत. 2023 च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांप्रमाणे नसबंदी करून त्यांना त्याच भागात परत सोडावं लागतं. पण खाणं घालायची जागा ठरवणं ही सोसायटीची जबाबदारी आहे, आणि ती येण्या-जाण्याच्या वाटेपासून दूर असावी, असं त्याच नियमांत आहे. कमिटीला एक अर्ज द्या. ताटल्या मागच्या भिंतीकडे गेल्या तर लाडूचं निम्मं काम होईल. तोवर त्याला पार्किंगच्या बाजूने बाहेर काढा, आणि सात वाजता सगळी सोसायटी कुत्री घेऊन उतरते तेव्हा नको, सव्वासहाला. रोज एकदा तमाशा झाला तर तो तमाशाचाच सराव होतो.

आणि ती लांबत जाणारी, बटणाची लीश कृपया वापरू नका. ती कायम ताणलेलीच असते. ओढलं की पुढे जाता येतं, हेच ती शिकवते. साधी सहा फुटी घ्या.

दिवाळीच्या आठवड्यात तुमचे दोन फोन मी उचलले नाहीत, त्याबद्दल माफ करा. फटाक्यांच्या दिवसांत लाडू बिघडला असं तुम्हाला वाटलं ते बरोबरच होतं. रात्रभर दचकलेलं कुत्रं सकाळी साध्या गोष्टीलाही भडकतं. तेव्हा ‘चार दिवस फिरायला कमी न्या, घरातच हुंगण्याचे खेळ द्या’ एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती.

पूर्ण पैसे परत मागितलेत, ते मी देणार नाही. बाकीच्या वर्गांत काम झालेलं आहे. पण गेटवरचे तीन वर्ग माझ्याकडून, विनामूल्य. पहिला या शनिवारी सकाळी सव्वासहाला, तुमच्या मागच्या गल्लीत. इंडीला घेऊन मी लांब उभी असेन, चिकनही मीच आणते. लाडूला नेहमीचा हार्नेस घाला, साखळी घरीच असू द्या. आजोबा सकाळी फिरवत असतील तर त्यांनाही आणा, लीश त्यांच्याच हातात देऊ. जमणार नसेल तर शुक्रवार रात्रीपर्यंत मेसेज करा.