फुगे फुगवून वाकडे तोंड सरळ होत नाही

मावशीच्या तोंडावरून वारे गेले, त्याला आता सात महिने झाले. दुसऱ्याच दिवशी सकाळी भिशीच्या ग्रुपवरून तिला एक मजकूर आला: तोंड वाकडे होणे हा थंड वाऱ्याचा परिणाम आहे, डॉक्टरांनी दिलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्या घेऊ नयेत, रोज पन्नास फुगे फुगवावेत, च्युइंगम चघळावे, मशीनचा करंट घ्यावा, दोन तास आरशासमोर बसून तोंड जोरजोरात हलवावे, म्हणजे 21 दिवसांत हमखास गुण येतो. मावशीने लगेच फुगे आणवले. तोच मजकूर गेल्या आठवड्यात चुलत भावाने ‘उपयुक्त माहिती’ म्हणून मलाच पाठवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

आधी ते 21 दिवस. कोपनहेगनचे डॉ. पाइटरसन यांनी 25 वर्षांत तपासलेल्या रुग्णांचा अहवाल 2002 मध्ये प्रसिद्ध केला. त्यांतील 1701 जणांना बेल्स पाल्सी, म्हणजे उघड कारण न सापडणारा चेहऱ्याचा लकवा झाला होता आणि त्यांच्यावर कोणतेही उपचार केलेले नव्हते. तरीही 85 टक्के जणांच्या चेहऱ्यात तीन आठवड्यांच्या आत हालचाल परतू लागली आणि 71 टक्के जणांचा चेहरा पूर्ववत झाला. म्हणजे तीन आठवडे फुगे फुगवा, पारव्याचे मटण खा किंवा नुसते झोपाळ्यावर बसून राहा, बहुतेकांना उतार पडणारच, आणि श्रेय मात्र जो उपाय केला असेल त्याला मिळणार. ‘बहुतेकांचे आपोआप बरे होते’ हे अर्धसत्य मी नाइलाजाने मान्य करते. पण त्याच अहवालातल्या उरलेल्या 29 टक्के जणांच्या चेहऱ्यात कमी-अधिक दोष राहून गेला, आणि माझी मावशी अशांपैकीच निघाली.

आता च्युइंगम आणि फुगे. चघळण्याचे स्नायू मेंदूकडून येणाऱ्या पाचव्या मज्जातंतूवर चालतात. बेल्स पाल्सीत बिघाड होतो तो सातव्या तंतूत, जो कानाजवळच्या हाडातील अरुंद नळीतून बाहेर येतो आणि सुजला की तिथेच आवळला जातो. तेव्हा च्युइंगम चघळून व्यायाम होतो तो मुळात ठणठणीत असलेल्या जबड्याला. फुग्याचा प्रकार त्याहून उफराटा आहे. मावशीने फुगा तोंडाला लावला की डाव्या कोपऱ्यातून हवा फुसकन निसटायची. मग ती तो कोपरा बोटांनी दाबून धरायची आणि सगळा जोर उजव्या गालाने लावायची, म्हणजे जी बाजू आधीच तोंड आपल्याकडे ओढत होती तिलाच आणखी बळ. पुढे तंतू पुन्हा वाढू लागतो, दिवसाला साधारण एक मिलिमीटर या वेगाने, आणि वाढताना त्याचे काही धागे भलत्याच स्नायूला जाऊन मिळतात. मावशीने चहाच्या घोटासाठी ओठ पुढे केले की तिचा डावा डोळा आपोआप मिटू लागतो. नातवंडांना वाटते, आजी डोळा मारते. या टप्प्यावर तोंडाची हालचाल जोर लावून केली की ओठ आणि डोळ्याची ही नको असलेली सांगडच पक्की होत जाते, असे तिच्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच भेटीत बजावले.

मशीनच्या करंटबद्दल फार लिहीत नाही. 2011 च्या कॉक्रेन आढाव्यात, म्हणजे आधी झालेल्या चाचण्या एकत्र तपासणाऱ्या अभ्यासात, त्याचा फायदा दिसला नाही. रुग्णागणिक ठरवून दिलेल्या चेहऱ्याच्या व्यायामांच्या बाजूने थोडा पुरावा मिळाला, तोही कमी दर्जाचा, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. थंड वाऱ्याचे म्हणाल, तर डॉक्टरांचा संशय वाऱ्यापेक्षा नागिणीच्या कुळातल्या विषाणूवर अधिक आहे.

गोळ्या टाळण्याच्या सल्ल्याचा मात्र मला खरोखर संताप येतो. स्कॉटलंडमध्ये 551 रुग्णांवर झालेल्या आणि 2007 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत 72 तासांच्या आत प्रेड्निसोलोन हे स्टिरॉइड सुरू केलेल्यांपैकी 94 टक्के जण नऊ महिन्यांत पूर्ण बरे झाले, तर ते न मिळालेल्यांपैकी सुमारे 82 टक्के. मधुमेह असेल तर या गोळ्यांवर असताना साखरेकडे लक्ष ठेवावे लागते, एवढे खरे. मावशीचे ते 72 तास फुगे फुगवण्यात गेले. डॉक्टरांकडे ती पाचव्या दिवशी पोहोचली. शिवाय कपाळाला नीट आठ्या पडत असून केवळ खालचा चेहरा वाकडा झाला असेल किंवा हातापायातली शक्ती गेली असेल, तर तो मेंदूचा झटका असू शकतो, आणि कपाळाची ही परीक्षा घरच्यांनी करत बसण्यापेक्षा रुग्णाला तडक रुग्णालयात न्यावे, हे त्या लांबलचक मजकुरात कुठेच नाही. न मिटणाऱ्या डोळ्यात दिवसा थेंब आणि रात्री मलम घालावे, झोपताना पापणी चिकटपट्टीने बंद ठेवावी, नाहीतर बुबुळ कोरडे पडून त्याला जखम होते, याबद्दलही अवाक्षर नाही.

राहिला आरसा. आरशासमोर बसावे, हे त्या मजकुरातले एक वाक्य बरोबर आहे; चुकले ते ‘दोन तास’ आणि ‘जोरजोरात’. मावशी आता सकाळी आणि संध्याकाळी दहा-दहा मिनिटे बसते. आधी डावा गाल बोटांनी हलकेच चोळून सैल करते, मग ओठांचे कोपरे अगदी सावकाश बाजूला नेते, आणि डावी पापणी खाली येऊ लागली रे लागली की तिथेच थांबते, ओठ सैल सोडते आणि त्याहून थोडे कमी हसू पुन्हा करून पाहते.